चूक आणि हयगय

माझ्या ऑफिसात पहिल्यांदा येणारा माणूस खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच म्हणायचा, "बाई, त्या डॉक्टरला आत टाका."

मी पाणी द्यायचे. म्हणायचे, आत टाकायचं नंतर बघू, आधी काय झालं ते सांगा. मग तासभर ऐकायचं. ग्राहक मंचात रुग्णांच्या बाजूनं उभं राहण्यात माझी सगळी वकिली गेली, आणि त्यातला निम्मा वेळ ऐकण्यात गेला. लोकांना वाटतं वकिलाची कमाई जिभेवर असते. माझी तरी कानांवर होती.

शहागंजात एका कापड दुकानाच्या वर माझं ऑफिस होतं. जिना अरुंद आणि खडा. येणारे पक्षकार म्हणजे कुणाच्या पायाला प्लॅस्टर, कुणाला धाप. त्यांना तो जिना चढायला लावणं म्हणजे पापच. मग मीच खाली उतरायचे आणि दुकानाच्या गादीवर, साड्यांच्या गठ्ठ्यांना टेकून आमची बोलणी व्हायची. दुकानाचे मालक शेठजी कधी कुरकुरले नाहीत. उलट एखाद्या बाईला रडू फुटलं की गिऱ्हाइकाला म्हणायचे, "जरा दम धरा, इथं कोर्ट चालू आहे."

बाहेरच्या माणसाला या कामातली मूळ गोष्ट आधी सांगते. डॉक्टरचं निदान चुकलं म्हणजे त्यानं गुन्हा केला, असं नसतं. शरीर काही उघडं पुस्तक नाही. चांगला, दक्ष डॉक्टरसुद्धा चुकू शकतो, आणि कायदा त्याला त्या चुकीची शिक्षा करत नाही. कायदा विचारतो तो प्रश्न वेगळा आहे: या जागी दुसरा कुणी सरासरी समजदार डॉक्टर असता, तर त्यानं जे केलं असतं, ते यानं केलं का? विचारायचं ते विचारलं का, तपासायचं ते तपासलं का, औषध देऊन झाल्यावर लक्ष ठेवलं का? केलं असेल आणि तरी चुकलं असेल, तर ती चूक. केलंच नसेल, तर ती हयगय. माझं सगळं काम या दोन शब्दांच्या मधल्या बारीक फटीत चालायचं.

छावणीतल्या एका शिक्षकाची केस मी घेतली नाही, ती याच कारणानं. त्यांची आई छातीत जळजळतंय म्हणून दवाखान्यात गेली, पित्ताचं औषध घेऊन घरी आली आणि दुसऱ्या दिवशी हृदयविकारानं गेली. ऐकताना माझेच डोळे भरले. पण कागद पाहिले तर त्या डॉक्टरनं हृदयाचा आलेख काढला होता, तो साफ होता. रक्त तपासलं होतं. भरती व्हा म्हणून सांगितलं होतं, आणि आजीबाईंनीच नको म्हटलं होतं. मी शिक्षकांना म्हटलं, "सर, तुमची आई गेली हे खरं. पण या माणसानं हयगय केली नाही." ते रागानं निघून गेले. जाताना म्हणाले, "तुम्ही पण त्यांच्यातल्याच." मला वाईट वाटलं, पण माझं मत तेव्हाही ठाम होतं आणि आजही आहे. नाही म्हणता आलं म्हणूनच मंचासमोर माझ्या 'हो'ला वजन राहिलं.

आता लिंबाजीची केस सांगते. माझ्या सगळ्या केसेसमध्ये हीच सांगावीशी वाटते.

देवगाव रंगारीच्या पुढं एका वस्तीवर लिंबाजीचं घर. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारे लोक. थोडी कोरडवाहू जमीन, बाकी सगळा जीव कळपात. चाळिशीतला उंच, काटक माणूस. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो दुकानाच्या पायरीवर एका पायानं चाचपत उभा होता आणि त्याची बायको सुभद्रा त्याचं मनगट धरून सांगत होती, "अजून एक हाय. आता सपाट."

पण त्यांच्या आधी वर आला तो लिंबाजीचा धाकटा भाऊ कचरू, आणि त्याच्या मागं वस्तीवरचे चार-पाच गडी. खाली रस्त्यावर जीप उभी, जीपमध्ये काठ्या. कचरू म्हणाला, "बाई, तुमाला निस्तं इचारायला आलो. आमच्या दादाचे डोळे घालवले, त्या डागदरचा दवाखाना आमी फोडणार हाव. त्याच्यानं केसला काय फायदा व्हईल का?"

मी म्हटलं, "होईल की. केस लगेच उभी राहील. फक्त त्यात फिर्यादी तो डॉक्टर असेल आणि आरोपी तुम्ही."

मी पुढं म्हटलं, "दादाचे डोळे गेले आणि भाऊ तुरुंगात. मेंढरं कोण सांभाळणार? सुभद्राबाई?"

"मी सांभाळतेच हाय," खालून सुभद्राचा आवाज आला. "कचरूभाऊ, खाली या आन्‌ काठ्या जीपमधी नीट आडव्या ठिवा. यायच्या-जायच्या लोकांना लागतील."

शेठजी हसले, गडीही हसले, आणि त्या दिवशीची दंगल तिथंच विझली. आम्ही गादीवर बसलो आणि लिंबाजीनं सांगायला सुरुवात केली.

त्याला संध्याकाळी ताप यायचा, अंगरखा घामानं भिजायचा आणि पाठ धरायची. गावात काही दिवस गोळ्या-इंजेक्शनं झाली. मग तो एकटाच एसटीनं शहरात आला आणि एका नावाजलेल्या हाडांच्या डॉक्टरांकडं गेला. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. डॉक्टरांनी मणक्याचा फोटो काढला आणि सांगितलं, "मणक्याचा टीबी आहे. वर्षभर गोळ्या घ्याव्या लागतील." लिंबाजीनं घेतल्या. एक दिवस चुकवला नाही. पाठ थोडी हलकी झाली, ताप जरा उतरला. त्याला वाटलं, निदान बरोबर आहे.

मग एक दिवस रानात त्याला आपली मेंढरं ओळखू येईनात.

"आमची खूण तांबडी," तो म्हणाला. "चुलत्याच्या कळपाची हिरवी. पाठीवर रंगाचा पट्टा असतो. त्या दिशी दोन्ही कळप एका जागी पाण्यावर आले, आन्‌ मला दोन्ही पट्टे सारखेच दिसाय लागले. मातीवानी. मी म्हणलो, उन्हाचं असंल."

"मग डॉक्टरांना सांगितलं का?"

"सांगितलं की. म्हणलो, सायब, मला रंग कळंना, समदं धुरकट दिसतंय. ते लिहीतच होते. म्हणले, अशक्तपणा हाय, दूध पी, अंडी खा."

"मी बी संगं होते," सुभद्रा म्हणाली. "पुढच्या बारीला मी सोता सांगितलं. म्हणले, बाई, गोळ्या गरम असत्यात, व्हईल नीट."

पुढं दिसणं इतकं कमी झालं की कचरूनं त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" पाकिटं पाहिली आणि त्यातली एक गोळी तिथल्या तिथं बंद केली. टीबीच्या औषधांत एक गोळी अशी असते, जी थोड्या लोकांच्या डोळ्यांच्या नसेवर उतरते. पहिल्यांदा तांबडा-हिरवा ओळखू येत नाही, मग धूसर होतं. तेव्हाच गोळी थांबवली तर बहुतेकांची नजर परत येते. उशीर झाला तर येईलच असं नाही.

त्यांनी लिंबाजीला सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, "काम काय करता?" इतक्या महिन्यांत हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. मेंढरं राखतो, विताना हातानं कोकरं ओढतो, दूध धारोष्ण पितो, असं कळल्यावर त्यांनी रक्ताची एक वेगळी तपासणी केली. आजार टीबीचा नव्हताच. जनावरांकडून माणसाला होणारा ताप होता तो, ब्रुसेलोसिस नावाचा. मणक्याला तोही धरतो आणि फोटोत टीबीसारखाच दिसतो. त्याची औषधं वेगळी.

म्हणजे जे औषध लागूच नव्हतं, त्यानं माणसाची नजर नेली होती.

कचरूनं मुठी आवळल्या. "आता बोला, बाई."

मी त्यांना रस्ते समजावले. पोलिसात जाता येतं. पण डॉक्टरवर फौजदारी गुन्हा टिकायला अतिशय ढोबळ हयगय लागते आणि आधी दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचं मत लागतं. वैद्यक परिषदेकडं तक्रार करता येते. ती डॉक्टरची नोंदणी स्थगित करू शकते, पण रुग्णाला भरपाई देत नाही. आणि ग्राहक मंच आहे. खासगी दवाखान्यात पैसे देऊन उपचार घेतले की तुम्ही ग्राहक. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. ही दोन वर्षं किती जणांनी उंबऱ्यावर बसून घालवली ते मी पाहिलंय. कन्नड गावची एक म्हातारी पोराच्या हाताची केस घेऊन आली, ती मुदत केव्हाच टळल्यावर. तिला परत पाठवताना जे वाटलं ते अजून जात नाही. तिला वेळेवर कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी सगळ्यांना सांगत राहते: दुःख करा, पण दवाखान्याचे कागद आधी मागा. लेखी मागितले की तीन दिवसांत द्यावे लागतात, तो तुमचा हक्क आहे.

लिंबाजीचे कागद आम्हाला मिळाले. त्यात डोळ्यांच्या तक्रारीचा एक शब्दही नव्हता.

आता माझ्यापुढं पहिला डोंगर होता, तो म्हणजे डॉक्टरच्या विरोधात बोलणारा डॉक्टर. या शहरात सगळे एकमेकांचे वर्गमित्र नाहीतर व्याही. मी तीन दारं वाजवली, तिन्ही सभ्यपणानं बंद झाली. शेवटी छावणीत राहणाऱ्या डॉक्टर सिद्दीकींकडं गेले. आयुष्यभर मेडिसिन शिकवून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी अधू, पण डोकं लख्ख. त्यांनी सगळे कागद पाहिले आणि मान हलवली.

"देखो वकीलसाहिबा, मैं किसी डॉक्टर के खिलाफ नहीं लिखता."

"विरोधात लिहू नका, डॉक्टरसाहेब. जे आहे ते लिहा."

"जो है वो तुमको पसंद नहीं आएगा." मग ते मराठीत आले. "हा फोटो मला दाखवला असता तर मी पण टीबीच म्हणालो असतो. आपल्याकडं टीबी किती, हा ताप किती? आणि टीबीच्या औषधांतली एक-दोन या तापावर पण थोडी चालतात. म्हणून त्याची पाठ हलकी झाली. डॉक्टरला वाटलं, निशाना बराबर लगा. ही गलती आहे. कोणाकडून पण होईल. तुम्ही यावर दावा केला तर मी तुमच्यासोबत नाही."

"आणि डोळे?"

ते बराच वेळ कागद चाळत राहिले. "डोळ्यांची गोष्ट वेगळी. ही गोळी सुरू करायच्या आधी नजर बघायची, आणि दर वेळी विचारायचं, नीट दिसतं का. इतना तो हम लड़कों को पहले साल में सिखाते थे. इथं एकदा पण पाहिलेलं नाही. ये गलती नहीं है, बेटी. ये लापरवाही है. हे मी लिहून देतो, आणि गरज पडली तर येऊन सांगतो."

मी घरी येताना ठरवून टाकलं. केस फक्त डोळ्यांची करायची. निदान चुकलं हा मुद्दा सोडून द्यायचा.

कचरूला हे मुळीच पटलं नाही. "म्हंजी दुखणंच वळखलं न्हाई, ते माफ?"

"माफ नाही. पण ते सिद्ध करायला गेलो तर त्यांचा वकील दहा पुस्तकं आणून दाखवील की असं कुणाचंही चुकतं. आणि त्या दहा पुस्तकांखाली आपली खरी गोष्ट गाडली जाईल."

लिंबाजी इतका वेळ ऐकत होता. तो म्हणाला, "बाई, मला पैशाचं लई न्हाई. पर मी सांगितलं व्हतं. हे त्यांनी कबूल करावं. कागदावर न्हाई म्हणून लोक म्हणत्याल, ह्यो धनगर खोटं बोलतो."

मी त्याला म्हटलं, "ते कबूल करतील असं वचन मी देत नाही. पण केस जिंकून देते."

असं वचन वकिलानं देऊ नये म्हणतात. मी दिलं, कारण मला खात्री होती.

मंचात बहुतेक काम प्रतिज्ञापत्रांवर चालतं. डॉक्टरांचं उत्तर आलं: रुग्णानं डोळ्यांची तक्रार कधीच केली नाही, रुग्ण अडाणी आहे, त्यानं गोळ्या दुप्पट खाल्ल्या असाव्यात, पाठीला उतार पडत होता, म्हणजे उपचार योग्य होते. मी उलटतपासणीची परवानगी मागितली आणि ती मिळाली.

त्या पेशीला, म्हणजे सुनावणीला, डॉक्टर स्वतः आले. देखणे, शांत, कामाखाली दबलेले गृहस्थ. खरं सांगते, मला ते दुष्ट वाटले नाहीत, आणि नव्हतेही. त्यांच्या हातानं शेकडो लोक चालायला लागले होते. मी आवाज चढवला नाही.

"डॉक्टर, गोळी सुरू करायच्या आधी रुग्णाची नजर तपासली होती?"

"तेव्हा त्याची काही तक्रार नव्हती."

"तपासली होती का?"

"नाही."

"नंतर कधी?"

"त्यानं सांगितलंच नाही, तर कसं तपासणार?"

"तुम्ही विचारलं होतं का?"

"एवढ्या गर्दीत प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट विचारत बसलो, तर बाहेरची रांग संपायची नाही." मग त्यांना वाटलं असावं की हे बरं दिसत नाही. ते मंचाच्या अध्यक्षांकडं वळून म्हणाले, "सर, हा रुग्ण अतिशय अशक्त होता. शेवटी शेवटी तर बायकोचा हात धरून आत यायचा. माझं सगळं लक्ष त्याच्या मणक्याकडं होतं."

मी हातातले कागद खाली ठेवले.

"पहिल्यांदा तो तुमच्याकडं कसा आला होता?"

"एकटाच आला होता."

"तेव्हा पाठ जास्त दुखत होती की शेवटी?"

"अर्थात पहिल्यांदा."

"म्हणजे पाठ दुखत होती तेव्हा तो एसटीनं एकटा आला. आणि पाठ बरी होत आली, असं तुमचेच कागद म्हणतात, तेव्हा त्याला हात धरून आणावं लागलं. डॉक्टर, तो हात कशासाठी होता?"

डॉक्टरांचे वकील उठले, काहीतरी हरकत घेतली. अध्यक्ष म्हणाले, "बसा. त्यांना उत्तर देऊ द्या." उत्तर आलंच नाही. मागच्या बाकावर लिंबाजी मान वर करून, आवाजाच्या दिशेला कान लावून बसला होता.

त्यानंतर डॉक्टर सिद्दीकी काठी टेकत आले आणि जेवढं लिहिलं होतं तेवढंच बोलले. समोरच्या वकिलानं त्यांना विचारलं, "निदान चुकलं ही डॉक्टरांची चूक नाही, असं तुम्हीच म्हणता ना?" ते म्हणाले, "चूक आहे म्हणतो. गुन्हा नाही म्हणतो. पण डोळ्यांचं मी वेगळं सांगितलं आहे, ते पण लिहून घ्या." निदानाचा मुद्दा आम्हीच सोडलेला असल्यामुळं समोरच्यांच्या पुस्तकांना उघडायला जागाच उरली नाही.

निकाल आमच्या बाजूनं लागला. औषधाचा माहीत असलेला धोका रुग्णाला न सांगणं, नजर न तपासणं आणि लक्ष न ठेवणं ही सेवेतली त्रुटी आहे, असं मंचानं स्पष्ट लिहिलं. भरपाई मंजूर झाली. रुग्णानं तक्रार केली होती की नव्हती, यावर मात्र मंच म्हणाला, पुरावा नाही, आणि ते ठरवायची गरजही नाही. वकील म्हणून मला तो निकाल अतिशय चोख वाटला. मी लिंबाजीला तो वाचून दाखवला. ऐकून त्यानं हात जोडले, पण चेहरा काही खुलला नाही.

समोरच्यांना राज्य आयोगात अपील करता येणार होतं आणि ते करणार, असं त्यांचे वकील सांगतही होते. आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. सुभद्रा भाकरीची पिशवी आवरत होती. तेवढ्यात डॉक्टर एकटेच आमच्याकडं चालत आले. कचरू पुढं सरकला. मी त्याच्या दंडाला धरलं.

डॉक्टर लिंबाजीसमोर उभे राहिले. लिंबाजीची नजर तोवर थोडी परतली होती. माणूस उभा आहे एवढं कळायचं, चेहरा कळायचा नाही.

"कोण हाय?"

"डागदर हायत," सुभद्रा म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "लिंबाजी, कसं आहे आता?"

"हाय तसं हाय. मेंढरं बायको बघती. मी आवाजावर वळखतो." मग तो थांबला. "सायब, मला तुमच्याशी भांडायचं न्हाई. एकच इचारतो. त्या दिशी मी बोललो, मला रंग कळंना. तुमाला ऐकू आलं व्हतं का?"

डॉक्टरांचे वकील मागून घाईघाईनं येत होते. "डॉक्टर, काही बोलू नका," असं त्यांनी दुरूनच म्हटलं. डॉक्टरांनी मागं पाहिलं नाही.

"आलं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, सगळेच काही ना काही सांगतात."

ते वाक्य मी कुठल्या कागदावर घेऊ शकत होते, अपिलात कसं वापरता येईल, हे सगळं माझ्यातल्या वकिलाच्या डोक्यात विजेसारखं येऊन गेलं. पण त्याची गरजच पडली नाही, डॉक्टरांनी अपील केलंच नाही.

लिंबाजीनं डोक्यावरचा रुमाल नीट केला. इतक्या दिवसांत मी त्याला पहिल्यांदाच ताठ उभं राहिलेलं पाहिलं. तो सुभद्राकडं वळला आणि म्हणाला, "ऐकलं का? वस्तीवर जाऊन समद्यांला सांग. माझा आवाज निघाला व्हता."